दिवस नेमका केवढा?

साताऱ्याच्या एका शाळेत मी तीस वर्षे भूगोल शिकवला. 'पृथ्वीला स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करायला किती वेळ लागतो?' हा माझा आवडता प्रश्न. एका गुणाचा, सोपा, कच्च्या मुलालाही हमखास गुण मिळवून देणारा. उत्तर अर्थातच २४ तास. एका घटक चाचणीत एका मुलीने या प्रश्नाचे उत्तर '२३ तास ५६ मिनिटे' असे लिहिले. मी लाल फुली मारली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. 'सर, मी मोजून लिहिलंय,' म्हणाली. तिच्या घरासमोर देवळाची दीपमाळ होती. रात्री जेवणे झाल्यावर ओट्यावर बसले, की व्याधाचा ठळक तारा दीपमाळेमागे जाताना दिसे. तिने ओट्यावर खडूने खूण केली, रोज त्याच जागी बसून, डोके भिंतीला टेकवून, भावाच्या घड्याळात ती वेळ टिपली. दहा दिवसांत ही वेळ ३९ मिनिटांनी अलीकडे आली होती. म्हणजे रोज जवळजवळ चार मिनिटे. 'तारा जागचा हलत नाही असं तुम्हीच शिकवलंत, सर. मग फिरते ती पृथ्वीच ना? ती रोज चार मिनिटं लवकर परत येते.'

मी विचारले, 'पुस्तकात काय दिलंय?'

'चोवीस तास.'

'मग परीक्षेत तेच लिहायचं.'

ती काही न बोलता वही मिटून गेली. तिचे उत्तर बरोबर होते आणि माझे चूक, हे समजायला मला पुढे काही वर्षे लागली. आज मी त्या चार मिनिटांविषयीच बोलणार आहे. कारण त्यांचे बोट धरून चालत गेले, की 'दिवस म्हणजे काय' हा पोरकट वाटणारा प्रश्न किती खोल आहे ते दिसू लागते.

समजा, एक मुलगा देवळाभोवती प्रदक्षिणा घालतो आहे आणि चालता चालता त्याच बाजूने स्वतःभोवती गिरक्याही घेतो आहे. समोर लांबवर अजिंक्यताऱ्याचा डोंगर आहे. एक गिरकी पूर्ण होऊन तोंड पुन्हा डोंगराकडे आले, तरी तोंड पुन्हा देवाकडे आलेले नसते. कारण मधल्या वेळात तो चार पावले पुढे सरकलेला असतो. देव समोर यायला त्याला आणखी थोडे वळावे लागते. आता देवळाच्या जागी सूर्य ठेवा, डोंगराच्या जागी दूरचा तारा आणि मुलाच्या जागी पृथ्वी. तारा पुन्हा त्याच जागी येण्याचा काळ म्हणजे नाक्षत्र दिवस, २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांचा. सूर्य पुन्हा त्याच जागी येण्याचा काळ म्हणजे सौर दिवस, सरासरीने २४ तासांचा. पृथ्वीची खरी एक फेरी पहिल्यात पुरी होते. दुसऱ्यात चार मिनिटांचे वळण जास्तीचे असते. पूर्ण प्रदक्षिणेत, म्हणजे वर्षभरात, ही जास्तीची वळणे साठून बरोबर एक फेरी होते. वर्षात आपण ३६५ दिवस मोजतो, तेव्हा पृथ्वीने ३६६ फेऱ्या मारलेल्या असतात.

ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत होती. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या 'आर्यभटीया'त एका महायुगातल्या फेऱ्यांचे आकडे दिले आहेत. सूर्याच्या फेऱ्या, म्हणजे वर्षे, ४३,२०,०००. पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेऱ्या १,५८,२२,३७,५००. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला, की त्या युगातले दिवस मिळतात, १,५७,७९,१७,५००. फेऱ्या आणि दिवस यांतला फरक बरोबर वर्षांइतका, म्हणजे प्रदक्षिणेचाच हिशेब. या आकड्यांवरून पृथ्वीच्या एका फेरीचा काळ काढून पाहा. २३ तास ५६ मिनिटे ४.१ सेकंद येतो! मी हा भागाकार पहिल्यांदा केला, तेव्हा मला आर्यभटाच्या आधी ती ओट्यावरची मुलगी आठवली.

आपल्या शेतकऱ्यालाही ही चार मिनिटे वेगळ्या वाटेने ठाऊक आहेत. रोज चार मिनिटे म्हणजे महिन्याला दोन तास. म्हणून जानेवारीत रात्री डोक्यावर दिसणारे मृग नक्षत्र मे महिन्यात संध्याकाळीच मावळतीला टेकते. पुढे ७-८ जूनला 'मृग लागला' असे आपण म्हणतो, तेव्हा ते आकाशात दिसतच नाही. कारण सूर्यच त्या नक्षत्रात गेलेला असतो.

मग निदान सूर्याचा दिवस तरी पक्का २४ तासांचा आहे का? तोही नाही. निवृत्तीनंतर मी अंगणात एक शंकू, म्हणजे सरळ काठी, रोवली आणि तिच्याभोवती वर्तुळ आखले. सावलीचे टोक सकाळी वर्तुळाला जिथे शिवते ती वेळ आणि दुपारी पुन्हा शिवते ती वेळ, या दोहोंचा मध्य म्हणजे खरी माध्यान्ह. सावली सर्वांत आखूड केव्हा हे डोळ्यांना नेमके कळत नाही, म्हणून जुन्या लोकांनी ही युक्ती काढली होती. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझी माध्यान्ह १२ वाजून १८ मिनिटांना आली. फेब्रुवारीच्या मध्यावर ती १२ वाजून ४८ मिनिटांना आली. त्याच अंगणात, त्याच काठीने, अर्ध्या तासाचा फरक!

याची कारणे दोन. पृथ्वीची कक्षा अगदी गोल नाही. जानेवारीत ती सूर्याच्या जवळ असते आणि भरभर चालते, जुलैत दूर असते आणि सावकाश चालते. शिवाय तिचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. या दोहोंमुळे प्रदक्षिणेतले ते 'जास्तीचे वळण' रोज सारखे नसते. डिसेंबरच्या शेवटी एका माध्यान्हीपासून दुसऱ्या माध्यान्हीपर्यंतचा काळ २४ तासांहून सुमारे ३० सेकंदांनी मोठा असतो, तर सप्टेंबरच्या मध्यावर सुमारे २१ सेकंदांनी लहान. हे सेकंद साठत गेले, की मिनिटांचा फरक पडतो. म्हणून ज्योतिर्विदांनी एक काल्पनिक, वर्षभर एकाच गतीने चालणारा 'मध्यम सूर्य' कल्पिला. आपल्या घड्याळातले २४ तास या आकाशात कधीही न दिसणाऱ्या सूर्याचे आहेत.

आणि साताऱ्याची माध्यान्ह नेहमीच बारानंतर का? कारण १ जानेवारी १९०६ पासून सुरू झालेली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे. सातारा त्याच्या साडेआठ अंश पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे आपली वेळ सूर्याच्या ३४ मिनिटे पुढे. मुंबईत हा फरक ३९ मिनिटांचा. त्या वेळी मुंबईकरांनी नव्या वेळेला चांगलाच विरोध केला होता आणि शहरात जुनी 'मुंबई टाइम' पुढे बरीच वर्षे टिकून होती. घड्याळ सूर्याचे ऐकणार की सरकारचे, हा वाद जुना आहे. तो लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला त्याकडे यायचे आहे.

आतापर्यंत आपण एक गोष्ट गृहीत धरली. सूर्य अनियमित दिसला तरी पृथ्वीची स्वतःभोवतीची फेरी मात्र पक्की आहे. खगोलशास्त्रज्ञांचाही फार काळ हाच विश्वास होता. वेधशाळेतली दुर्बीण उत्तर-दक्षिण रेषेत पक्की बसवायची आणि ठरलेला तारा त्या रेषेवरून जाताना घड्याळ जुळवायचे, अशी पद्धत होती. पृथ्वी हेच मूळ घड्याळ, आणि सेकंद म्हणजे मध्यम सौर दिवसाचा ८६,४०० वा भाग.

या विश्वासाला तडा देणारा एक पुरावा मातीच्या विटांवर लिहिलेला होता. १५ एप्रिल इ. स. पूर्व १३६ रोजी बाबिलोनमध्ये, म्हणजे आजच्या इराकमध्ये, खग्रास सूर्यग्रहण झाले. सूर्य उगवल्यावर किती वेळाने ग्रहण लागले, भर दिवसा शुक्र, बुध आणि तारे कसे दिसले, हे तिथल्या आकाश-निरीक्षकांनी नोंदवून ठेवले. चंद्र-सूर्याच्या गतीवरून आज आपल्याला त्या ग्रहणाचे गणित मागे जाऊन करता येते. पृथ्वी तेव्हाही आजच्याच गतीने फिरत होती असे धरले, तर ती सावली बाबिलोनवरून जातच नाही. ती सुमारे ४९ अंश पश्चिमेला, पार भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागात पडते. त्या निरीक्षकांनी तर ग्रहण डोळ्यांनी पाहिले होते. तेव्हा चूक आपल्या गृहीतकात आहे. पृथ्वीचे घड्याळ मधल्या काळात सव्वातीन तास मागे पडले आहे.

सव्वातीन तास ऐकून दचकू नका. अशा शेकडो जुन्या ग्रहणांचा अभ्यास रिचर्ड स्टीफन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यातून निघालेला निष्कर्ष असा, की दिवस शंभर वर्षांत सुमारे १.८ मिलिसेकंदांनी वाढतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. त्या ग्रहणापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सात लाखांवर दिवस गेले. त्यातला प्रत्येक दिवस सरासरीने १७ मिलिसेकंदांनी लहान होता. १७ गुणिले ७ लाख केले, की जवळजवळ १२,००० सेकंद होतात, म्हणजे सव्वातीन तास. थेंबे थेंबे तळे साचते ते असे.

पृथ्वीला ब्रेक लावतो तो चंद्र. त्याच्या ओढीने समुद्राला भरती येते, ते पाणी तळाशी आणि किनाऱ्याशी घासते, आणि पृथ्वीची गती कणाकणाने कमी होते. गेलेली गती चंद्राच्या कक्षेला मिळते आणि तो आपल्यापासून वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर जातो. अपोलो यात्रींनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर किरण पाठवून हे अंतर मोजले आहे. याची साक्ष प्रवाळांनीही दिली आहे. झाडाच्या खोडात जशी वर्षाची वलये, तशा काही प्रवाळांच्या अंगावर रोजच्या वाढीच्या बारीक रेघा असतात. १९६३ साली जॉन वेल्स यांनी सुमारे ३८ ते ४० कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवरच्या रेघा मोजल्या. एका वर्षात सुमारे ४०० रेघा भरल्या. वर्ष तेवढेच आणि दिवस ४००, म्हणजे तेव्हाचा दिवस जेमतेम २२ तासांचा.

घड्याळच जर मंदावत असेल, तर सेकंद त्याच्यावर कसा टांगून ठेवायचा? १९५५ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी सीझियम अणूवर चालणारे घड्याळ तयार केले. १९६७ साली सेकंदाची व्याख्या बदलली. सीझियमच्या अणूतून निघणाऱ्या ठरावीक लहरीची ९,१९,२६,३१,७७० आंदोलने म्हणजे एक सेकंद. या क्षणी एक उलटापालट झाली. हजारो वर्षे आपण दिवसाने काळ मोजत होतो. आता काळाने दिवस मोजू लागलो. जो आपला गज होता, तोच कापड झाला.

मग आज हा दिवस मोजतात कसा? त्यासाठी ताराही चालत नाही, कारण तारेही अतिशय सावकाश का होईना, जागा सोडतात. म्हणून क्वासार नावाच्या, अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या ज्योती निवडतात. त्या इतक्या लांब आहेत, की जागच्या जागी खिळलेल्या दिसतात. एक रेडिओ दुर्बीण हवाई बेटांवर कोकी पार्क इथे, दुसरी जर्मनीत वेट्झेल इथे. दोघी एकाच वेळी एकाच क्वासाराकडे कान लावतात. लहरी एकीकडे आधी पोचतात, दुसरीकडे क्षणभर नंतर. दोन्हीकडे अणुघड्याळे असल्याने हा फरक अतिशय बारकाईने कळतो. पृथ्वी वळते तसा तो बदलतो आणि त्यावरून पृथ्वी नेमकी किती वळली हे काढता येते. अशी तासाभराची मोजणी जवळजवळ रोज होते. पॅरिसमधली 'आंतरराष्ट्रीय पृथ्वी परिवलन सेवा' जगभरच्या नोंदी एकत्र करून प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांपेक्षा किती कमी वा जास्त भरला ते जाहीर करते. सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांपर्यंत हा हिशेब पोचतो. तिच्या कारभाराला मी 'दिवसाची उठाठेव' म्हणायचो. आता म्हणत नाही.

कारण ही मोजणी हौसेची नाही. विषुववृत्तावरची जमीन सेकंदाला सुमारे ४६५ मीटर सरकते, मिलिसेकंदात जवळजवळ अर्धा मीटर. पृथ्वी किती वळली हे ठाऊक नसेल, तर वर फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरून खालची जागा अचूक सांगता येणार नाही. आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा ते सुमारे २२ कोटी किलोमीटरवर होते. पृथ्वीच्या वळणात एका मिलिसेकंदाची चूक धरली, तर तेवढ्या अंतरावर ती सुमारे १६ किलोमीटरची होते.

या मोजणीतून दिवसाचा लहरी स्वभावही कळला. गिरकी घेणाऱ्या मुलीने हात जवळ घेतले की ती वेगाने फिरते, पसरले की मंदावते. पृथ्वीचेही तसेच. वारे, समुद्र, बर्फ, पोटातला वितळलेला लोखंडी रस, सगळ्यांचा तिच्या गिरकीवर परिणाम होतो. १९८२-८३ च्या तीव्र एल निनोच्या काळात, वाऱ्यांची गती बदलल्याने, दिवस जवळजवळ एका मिलिसेकंदाने वाढला होता.

आता लीप सेकंदाकडे येऊ. त्याबद्दल एक गैरसमज आहे. 'दिवस एका सेकंदाने मोठा झाला' असे बातम्यांत येते, पण तसे नसते. १९७२ साली दिवस ८६,४०० सेकंदांहून सुमारे ३ मिलिसेकंदांनी मोठा होता. रोज तीन पैसे बाजूला टाकले, की वर्षाला दहा-अकरा रुपये जमतात. तसे हे मिलिसेकंद साठून वर्षाला सुमारे एक सेकंद होत होते. तेवढा फरक पडला, की अणुघड्याळाला एक सेकंद थांबवायचे, अशी पद्धत त्या वर्षी सुरू झाली. तेव्हापासून २०१६ अखेरपर्यंत असे २७ सेकंद घातले गेले. शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे आला. ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर ५.३० न वाजता ६० वा सेकंद मोजला गेला आणि तो दिवस ८६,४०१ सेकंदांचा झाला.

त्यानंतर २०२५ संपेपर्यंत एकही सेकंद घालावा लागला नाही. कारण शतकांच्या हिशेबात मंदावणारी पृथ्वी मधल्या काही वर्षांत उलट वेगाने फिरू लागली. ५ जुलै २०२४ चा दिवस तर ८६,४०० सेकंदांपेक्षा १.६६ मिलिसेकंदांनी लहान भरला. यामागे पृथ्वीच्या गाभ्यातल्या हालचाली असाव्यात, असे मानतात. ही चाल टिकली, तर इतिहासात प्रथमच एक सेकंद गाळावा लागेल. २०२४ साली डंकन ॲग्न्यू यांनी प्रसिद्ध केलेल्या गणितात एक विलक्षण गोष्ट आहे. ध्रुवांकडचे बर्फ वितळून ते पाणी विषुववृत्ताकडे पसरते आहे, गिरकी घेणाऱ्या मुलीने हात पसरावेत तसे. त्यामुळे पृथ्वी थोडी मंदावली आणि सेकंद गाळण्याची वेळ सुमारे तीन वर्षे पुढे गेली. म्हणजे माणसाने तापवलेल्या हवेची नोंद आता दिवसाच्या लांबीतही होऊ लागली आहे.

संगणकांना हे जास्तीचे सेकंद पचत नाहीत. सेकंद गाळायचा तर अनुभवच नाही. म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्रान्समध्ये भरलेल्या वजन-मापांच्या जागतिक परिषदेने ठरवले, की २०३५ पर्यंत ही पद्धत मोडीत काढून घड्याळ आणि पृथ्वी यांच्यात अधिक फरक पडू द्यायचा. शंभर वर्षांत तो बहुधा मिनिटभराचा असेल. काहींना यात सूर्याशी नाते तुटल्याचे दुःख आहे. मला ते समजते. पण साताऱ्यात बसून मी कोणत्या तोंडाने तक्रार करू? आम्ही १९०६ पासून ३४ मिनिटे सूर्याच्या पुढे आहोत आणि आमची शेते काही पिकायची थांबली नाहीत. घड्याळ कोणाचे ऐकते हा सोयीचा प्रश्न आहे. पृथ्वी किती वळली हे रोज मोजत राहणे मात्र सोडून चालणार नाही. बाबिलोनच्या त्या माणसांनी 'पुस्तकात काय आहे' असे विचारून लिहिणे थांबवले असते, तर आज आपल्याला यातले बरेच काही कळले नसते.

हाच प्रश्न मी एका मुलीला विचारला होता. ती आज कुठे आहे मला ठाऊक नाही. तिचा एक गुण मी देणे लागतो. तो तिच्यापर्यंत पोचवण्याचा दुसरा मार्ग नाही, म्हणून तुम्हाला विनंती करतो. आज रात्री एखादा ठळक तारा हेरा. छपराचा कोपरा, विजेचा खांब, काहीही चालेल. बसायची जागा पक्की करा आणि तारा आड जाण्याची वेळ लिहा. उद्या पुन्हा लिहा. घरातल्या मुलाला शेजारी बसवा. आणि त्याने '२३ तास ५६ मिनिटे' असे म्हटले, तर त्याला पुस्तक दाखवू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)